कॅसोवरी : रान पेरणारा पक्षी

(इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास. दोन तासिका व एक फेरफटका)

पावसाळा सरत आला की खेड्यापाड्यांतील शाळांच्या इमारतींवर एक गोष्ट हमखास दृष्टीस पडते. पन्हळीच्या शेजारी, दोन दगडांच्या फटीत किंवा कौलांच्या सांध्यात पिंपळाचे अथवा उंबराचे रोपटे डोके वर काढते. तेथे माती नसते, कोणी आळे केलेले नसते, कोणी पाणी घातलेले नसते. भिंतीला धोका नको म्हणून ते उपटून टाकले जाते आणि पुढील वर्षी तेथेच दुसरे उगवते. हे रोप कोणी लावले, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले एकच उत्तर देतात, “आपोआप उगवले.”

हे उत्तर मुलांचे आहे तसेच ते मोठ्या माणसांचेही आहे. पाऊस आपोआप पडतो, रान आपोआप वाढते, फळे आपोआप येतात, असे म्हटले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. निसर्गाच्या अभ्यासात शिक्षकाला पहिला झगडा या ‘आपोआप’ शब्दाशीच द्यावा लागतो. प्रस्तुत पाठ त्याकरिता आहे. त्यासाठी मुलांना प्रथम एका दूरदेशीच्या पक्ष्याकडे न्यावयाचे आणि तेथून पुन्हा आपल्या कर्नाळ्याच्या रानात व शाळेच्या भिंतीपाशी आणावयाचे, अशी पाठाची योजना आहे. तो पक्षी म्हणजे कॅसोवरी होय. तो उडत नाही, गात नाही, आणि आपल्या देशात रानावनांत कोठेही आढळत नाही. परंतु बी पेरण्याचे जे काम आपल्याकडचे लहान पक्षी नकळत करतात, तेच तो इतक्या मोठ्या प्रमाणावर करतो की मुलांच्या ते चटकन ध्यानी येते.

पाठाचे हेतू

१. पक्षी म्हणजे उडणारा प्राणी, ही मुलांची समजूत तपासून पाहणे व पक्ष्याचे खरे लक्षण त्यांच्याकडून काढून घेणे.
२. रान आणि रानातील पक्षी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. आपल्या परिसरात बी कोण पेरतो हे मुलांना प्रत्यक्ष पाहण्यास व लिहून ठेवण्यास शिकविणे.

साहित्य

पृथ्वीचा गोल किंवा जगाचा नकाशा, दोन मीटर लांबीची सुतळी, मोजपट्टी, कोंबडीचे एक पीस, खडू आणि ऋतुमानाप्रमाणे मिळतील ती उंबर, करवंद किंवा जांभूळ ही फळे. कॅसोवरीचे रंगीत चित्र मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास सुतळीने मापून भिंतीवर खडूने काढलेली आकृती तितकेच काम करील.

प्रस्तावना

पाठाचा आरंभ प्रश्नांनी करावा. “पक्षी कशाला म्हणतात?” या प्रश्नास “जो उडतो तो” असे उत्तर येईल. ते लगेच चूक ठरवू नये. फळ्यावर लिहून ठेवावे व पुढे विचारावे, “वटवाघूळ उडते, तो पक्षी आहे काय? फुलपाखरू उडते, तो पक्षी आहे काय?” मग उलट बाजूने विचारावे, “अंगणातील कोंबडी किती उडते? मग ती पक्षी नव्हे काय?” अशा रीतीने मुलेच फळ्यावरील व्याख्या अपुरी ठरवितील. आता हातात पीस घेऊन विचारावे, “हे वटवाघळाला असते काय? फुलपाखराला असते काय?” पिसे हे पक्ष्याचे खरे लक्षण होय, हे उत्तर मुलांकडून आले की पहिला हेतू साधला. चोच, दोन पाय व अंडी ही लक्षणेही मुले सांगतील, ती त्याखाली लिहावीत.

यानंतर हेतुकथन करावे : “आज आपण अशा एका पक्ष्याची माहिती घेऊ, की जो आपल्या गुरुजींएवढा उंच आहे, ज्याला पिसे आहेत, पण ज्याला मुळीच उडता येत नाही.”

कॅसोवरीची ओळख

पृथ्वीच्या गोलावर प्रथम पनवेल दाखवावे. तेथून पूर्वेकडे बोट नेत बंगालचा उपसागर, इंडोनेशियाची बेटे आणि त्यांच्याही पलीकडे न्यू गिनी हे मोठे बेट दाखवावे. विषुववृत्त त्याच्या जवळून गेलेले आहे. न्यू गिनीच्या दक्षिणेस अरुंद सामुद्रधुनी ओलांडली की ऑस्ट्रेलियाचा ईशान्य कोपरा, म्हणजे क्वीन्सलंड राज्य, लागते. न्यू गिनी, तिच्याजवळची काही बेटे आणि क्वीन्सलंडचा हा ओला किनारा एवढाच कॅसोवरीचा मुलूख आहे. तेथील अरण्यास वर्षावन म्हणतात. आपल्याकडे बहुतेक सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि फाल्गुनात रानातील पुष्कळ झाडे निष्पर्ण होतात. वर्षावनात पावसाची विश्रांती थोडी असते, झाडे बारमाही हिरवी राहतात, आणि वर्षभर कोणते ना कोणते फळ पिकून जमिनीवर पडत असते. ही शेवटची गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावी, कारण कॅसोवरीचे सारे जीवन तिच्यावर अवलंबून आहे.

कॅसोवरीच्या तीन जाती आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठ्या, दक्षिणी कॅसोवरीचे वर्णन येथे दिले आहे. त्याची उंची दीड ते पावणेदोन मीटर असते. सुतळीने ही उंची भिंतीवर मापून दाखवावी व वर्गातील सर्वांत उंच मुलास शेजारी उभे करावे. मादी नरापेक्षा मोठी असते. मोठ्या मादीचे वजन ६० किलोच्याही पुढे जाते. तांदळाचे ५० किलोचे पोते मुलांनी पाहिलेले असते, त्याच्याशी तुलना करावी. आज जगात असलेल्या पक्ष्यांत शहामृगाच्या खालोखाल वजनदार पक्षी हाच होय.

अंगावरची पिसे काळी व केसांसारखी लोंबणारी असतात. काटेरी वेलींतून वाट काढताना त्यांनी अंगाचे रक्षण होते. मान उघडी व निळ्या रंगाची असते. कोंबड्याच्या गळ्याखाली जशी तांबडी मांसल लोळी लोंबते, तशा दोन तांबड्या लोळ्या गळ्यापुढे असतात. डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच, टणक तुरा असतो. त्याच्या उपयोगाविषयी शास्त्रज्ञांत बराच काळ निरनिराळी मते होती. २०१९ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उष्णता दाखविणाऱ्या चित्रांच्या साहाय्याने असे दाखविले, की उन्हाच्या वेळी या तुऱ्यातून शरीरातील उष्णता बाहेर टाकली जाते आणि थंडीच्या वेळी ती राखली जाते.

पायाला तीन बोटे असतात. आतल्या बोटाची नखी सरळ व खंजिरासारखी असून ती १२ सेंटीमीटरपर्यंत लांब असते. मोजपट्टीवर ही लांबी दाखवावी. दाट रानातूनही हा पक्षी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावतो, दीड मीटरपर्यंत उंच उडी मारतो आणि नदी पोहून जातो. त्याचा आवाज अतिशय खर्जातला असतो. तो इतका खालचा की माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या सीमेवरच असतो. दाट झाडीत बारीक, तीव्र आवाज लवकर विरतो व खर्जाचा आवाज दूरवर जातो. गावच्या जत्रेतील ढोल लांबून ऐकू येतो, पण सनई जवळ गेल्यावरच ऐकू येते, हा अनुभव मुलांकडून सांगून घ्यावा.

त्याला उडता का येत नाही?

कोंबडीच्या छातीचे हाड मुलांनी पाहिलेले असते. होडीच्या तळाला जशी मध्यभागी उभी धार असते, तशी धार त्या हाडाला असते. पंख हलविणारे बळकट स्नायू तिला चिकटलेले असतात. कॅसोवरीच्या छातीच्या हाडाला ही धार नाही, ते तराफ्यासारखे सपाट आहे. पंखांच्या जागी पाचसहा काळ्या, बिनकेसांच्या काड्या तेवढ्या उरल्या आहेत. शहामृग, ईमू, दक्षिण अमेरिकेतील ऱ्हिया आणि न्यूझीलंडमधील किवी हे पक्षी याच सपाट छातीच्या गटातील होत. कॅसोवरीचा सर्वांत जवळचा नातलग ईमू. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनी ईमूपालनाचा उद्योग केला होता. तेव्हा एखाद्या मुलाच्या वडिलांनी तो पाहिलेला असण्याचा संभव आहे. वर्गात अवश्य विचारावे.

हे पक्षी पूर्वीपासूनच असे होते काय, असा प्रश्न हुशार मुले विचारतील. या पक्ष्यांचे पूर्वज उडणारे होते, आणि निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या वेळी त्यांच्या वंशजांनी उड्डाण सोडले, असे आजच्या अनुवंशशास्त्राचे मत आहे. उडण्यास फार शक्ती लागते व शरीर हलके ठेवावे लागते. जेथे अन्न जमिनीवर मिळते आणि पायांच्या बळावर स्वतःचे रक्षण करता येते, तेथे जड शरीर आणि बळकट पाय हेच उपयोगी पडतात.

येथे आपल्या महाराष्ट्रातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. हे अवशेष सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे मानले जातात. म्हणजे खानदेशाच्या माळावर एके काळी शहामृग धावत होता आणि तेथील माणसे त्याच्या अंड्याच्या कवचाचे दागिने करीत होती. आज तो पक्षी या देशातील रानावनांतून नाहीसा झालेला आहे. जे एकदा होते ते नेहमी राहीलच असे नाही, एवढे मुलांस या उदाहरणाने सांगता येते.

पित्याने केलेले संगोपन

कॅसोवरीची मादी जमिनीवर, पालापाचोळ्यात, तीन ते पाच हिरवी अंडी घालते. एकेक अंडे सुमारे १४ सेंटीमीटर लांब व अर्ध्या किलोहून अधिक वजनाचे असते. अंडी घालून मादी निघून जाते. पुढचे सारे काम नर करतो. सुमारे पन्नास दिवस तो अंड्यांवर बसतो. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांच्या अंगावर पिवळट व तपकिरी पट्टे असतात, त्यामुळे पाचोळ्यात ती दिसत नाहीत. सुमारे नऊ महिने बाप त्यांना बरोबर घेऊन हिंडतो, कोणते फळ कोठे पडते ते दाखवितो आणि कोणी जवळ आल्यास धावून जातो.

आपल्या सह्याद्रीतील धनेशाची गोष्ट याला जोडून सांगावी. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर दिवसभर फळे आणून त्या फटीतून तिला व पुढे पिल्लांना भरवितो. या दिवसांत नर मारला गेला तर ढोलीतील सर्वांवर उपासमारीची पाळी येते. ही हकीकत सांगितल्यावर वेगळा उपदेश करण्याची गरज पडत नाही.

रान पेरण्याचे काम

आता पाठाचा गाभा येतो. तो दुसऱ्या तासिकेस घ्यावा.

कॅसोवरी मुख्यतः झाडाखाली पडलेली फळे खातो. तो फळ फोडत नाही, चावत नाही, अख्खे गिळतो. क्वीन्सलंडच्या अरण्यात तो दोनशेहून अधिक जातींच्या वनस्पतींची फळे खातो असे आढळले आहे. त्यांतील काही फळे इतकी मोठी असतात की तेथील दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याच्या घशातून ती खाली उतरत नाहीत, आणि काही तर इतर प्राण्यांना विषारी असतात. गर पचतो व बी जशीच्या तशी विष्ठेबरोबर बाहेर पडते. तोपर्यंत पक्षी पुढे चालत गेलेला असतो. बहुतेक बिया मूळ झाडापासून काही शेकडो मीटरांवर पडतात, काही एक किलोमीटरच्याही पलीकडे जातात.

बी झाडापासून दूर जाण्याचे महत्त्व काय, हे मुलांना आपल्याच अंगणातील उदाहरणाने समजते. रायवळ आंब्याखाली आषाढात किती कोया रुजतात व पुढील उन्हाळ्यापर्यंत त्यांपैकी किती जगतात, असे विचारावे. मोठ्या झाडाच्या सावलीत ऊन मिळत नाही, मुळांना जागा मिळत नाही, त्याच झाडावरची कीड रोपांवर उतरते. जी कोय कोणी खाऊन लांब बांधावर टाकली तिचेच झाड होते. आंब्याला पाय नाहीत, म्हणून तो गोड गर देऊन दुसऱ्याचे पाय वापरतो. गर ही झाडाने दिलेली मजुरी आहे, असे सांगितले तर कष्टकऱ्यांच्या मुलांना ते लगेच पटते.

कॅसोवरीच्या पोटातून गेल्याने काही बियांची उगवणही वाढते. क्वीन्सलंडमधील रायपारोसा नावाच्या एका दुर्मिळ झाडाच्या बियांवर प्रयोग करण्यात आला. पक्ष्याच्या पोटातून न गेलेल्या शंभर बियांतील सुमारे ४ उगवल्या, पोटातून गेलेल्या शंभरांतील सुमारे ९२ उगवल्या. हे दोन आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत व मुलांस विचारावे, “या अरण्यातून कॅसोवरी नाहीसा झाला तर या झाडाचे काय होईल?” उत्तर देण्यास घाई करू नये. मुले गप्प राहिली तर राहू द्यावीत. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणेल, “झाडे आहेत तोवर राहतील, पण नवीन होणार नाहीत.” हेच या पाठाचे मध्यवर्ती तत्त्व होय. म्हाताऱ्या माणसांचे, पण एकही मूल नसलेले गाव जसे दिसते, तसे ते रान दिसेल. वरून हिरवेच असेल, पण त्याला पुढची पिढी नसेल.

आपले रान : कर्नाळा

आता मुलांना घरी आणावे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने सुमारे १२ किलोमीटर गेले की कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. किल्ल्याभोवतीचे हे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे. येथे वर्षावन नाही. ऐन, किंजळ, साग, कोशिंब, आंबा, जांभूळ, उंबर यांचे मिश्र पानझडी रान आहे. येथे कॅसोवरीही नाही. मग येथील बी कोण पेरतो?

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. पनवेल तालुक्यातील अनेक शाळांत ठाकर व कातकरी वाड्यांतील मुले आहेत. गणिताच्या व भाषेच्या तासाला मागच्या रांगेत गप्प बसणारे यांतील एखादे मूल या तासाला बोलू लागेल. करवंदावर कोणता पक्षी येतो, उंबर कोणत्या महिन्यात पिकतो, कांडेचोर रात्री कोणती फळे खातो आणि त्याच्या विष्ठेत कोणत्या बिया दिसतात, हे त्याला घरच्या माणसांबरोबर रानात हिंडून माहीत झालेले असते. त्याला फळ्याजवळ बोलवावे आणि तो सांगेल ती नावे त्याच्याच बोलीत शिक्षकाने लिहावीत. पुस्तकातील नाव शेजारी लिहिता येईल. त्याचे नाव खोडून पुस्तकातील नाव लिहू नये. वर्गाला ज्या गोष्टीचे ज्ञान हवे आहे ती गोष्ट त्या मुलाला ठाऊक आहे, हे एकदा सर्वांच्या ध्यानी आले की त्याचे शाळेतील स्थान बदलते. पाठाचा हा लाभ हेतूंच्या यादीत लिहिलेला नसला तरी तो लहान नव्हे.

मुलांनी सांगितलेली माहिती पुढीलप्रमाणे जुळवून घ्यावी. बुलबुल, तांबट, कुटुरगा, हळद्या, कोकिळ, मैना हे पक्षी फळे गिळतात व बिया दूर टाकतात. पिंपळ, वड, उंबर यांच्या मोहरीहून लहान बिया अशाच भिंतींवर, किल्ल्याच्या तटावर आणि दुसऱ्या झाडांच्या बेचक्यांत पोहोचतात. मोठी फळे गिळणे लहान चोचीस जमत नाही, ते काम धनेश करतो. रात्री वटवाघळे व कांडेचोर यांची पाळी असते. फळ खाणारा प्रत्येक पक्षी मात्र पेरणारा नसतो. पोपट पुष्कळदा बी फोडूनच खातो, त्यामुळे ती उगवत नाही. तसेच पक्षी जे पेरतात ते सर्वच शेतकऱ्याला हवे असते असेही नाही. आंब्याच्या फांदीवरील बांडगूळ हे अंगठ्याएवढ्या फुलटोच्या पक्ष्याने पेरलेले असते. त्याची चिकट बी विष्ठेबरोबर फांदीला चिकटते व तेथेच रुजते. या दोन्ही गोष्टी मुलांस स्पष्ट सांगाव्यात. पक्ष्यांची एकतर्फी स्तुती करण्यापेक्षा जे आहे ते सांगणे, हेच शास्त्राच्या शिक्षकाचे काम होय.

आता शाळेच्या भिंतीवरील रोपट्याकडे मुलांस नेऊन पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. या वेळी “आपोआप” हे उत्तर येणार नाही.

खाऊ घालण्याविषयी सावधगिरी

कॅसोवरी हा जगातील सर्वांत धोकादायक पक्षी म्हणून सांगितला जातो. ही माहिती मुलांना फार आवडते, म्हणून ती नीट समजावून द्यावी. त्याच्या लाथेने गंभीर इजा होऊ शकते हे खरे. परंतु ऑस्ट्रेलियात त्याच्यामुळे माणूस दगावल्याची एकच घटना नोंदलेली आहे. ती १९२६ सालची असून त्या वेळी मुले त्या पक्ष्याला मारावयास गेली होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्वीन्सलंडमधील २२१ हल्ल्यांची छाननी केलेली आहे. त्यांपैकी १५० हल्ले माणसांवर झाले होते, आणि त्यांतील सुमारे ७५ टक्के हल्ले माणसांनी पूर्वी खाऊ घातलेल्या पक्ष्यांनी केले होते. म्हणजे दयेपोटी टाकलेला खाऊच पुढे भांडणाचे कारण झाला. ज्या पक्ष्याला माणूस म्हणजे अन्न असे शिकविले गेले, तो अन्न न मिळाल्यास अंगावर येतो. शिवाय तो खाऊच्या आशेने रस्त्यावर येतो आणि वाहनाखाली सापडतो. रानाची तोड, कुत्रे आणि वाहने ही तेथील कॅसोवरीवरची मोठी संकटे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने तेथील कॅसोवरीला संकटग्रस्त ठरविले आहे.

कर्नाळ्याच्या रानातूनही महामार्ग जातो. गाडी थांबवून माकडांना केळी व बिस्किटे टाकणारे प्रवासी मुलांनी पाहिलेले असतात. त्या प्रवाशांचा हेतू वाईट नसतो. त्याचा परिणाम काय होतो, हे मुलांनी वरील आकड्यांवरून स्वतः ठरवावे. सहलीला जाताना खाऊचे डबे कोठे उघडावेत, हा निर्णयही मग मुलेच घेतील.

फळ्यावरील टिपण

पक्ष्याचे लक्षण : पिसे.
कॅसोवरी : न्यू गिनी व ईशान्य ऑस्ट्रेलिया, वर्षावन, उडता येत नाही, छातीचे हाड सपाट.
अंडी उबविणे व पिल्ले सांभाळणे : नर.
काम : फळ अख्खे गिळणे, बी दूर नेणे.
रायपारोसाच्या बिया : पोटातून न गेलेल्या, १०० पैकी ४, पोटातून गेलेल्या, १०० पैकी ९२.
आपल्याकडे हे काम कोण करतो : (मुलांनी सांगितलेली नावे).

उपयोजन

पहिला उपक्रम. जून महिन्यात शाळा सुरू होताच जांभळाचा मोसम साधावा. पिकलेली दहा जांभळे अख्खी एका डब्यात पुरावीत. दुसऱ्या डब्यात गर पूर्ण धुऊन काढलेल्या दहा बिया पुराव्यात. माती, पाणी व जागा दोन्हींची सारखी ठेवावी. दर सोमवारी उगवलेली रोपे मोजून तक्ता भरावा. दोन्हींत अंतर पडले तर ते लिहावे, न पडले तर तसे लिहावे. अपेक्षित उत्तर येण्यासाठी आकडे फिरविण्याची सवय मुलांस लागू देऊ नये.

दुसरा उपक्रम. शाळेच्या आवारात मोकळ्या कोपऱ्यात एक बांबू रोवून त्यावर आडवी काठी बांधावी. शेतकरी कीड खाणाऱ्या पक्ष्यांसाठी शेतात लावतात तसाच हा पक्षीथांबा होय. त्याखालचा एक चौरस मीटर भाग खुंट्या ठोकून आखावा व तेवढाच दुसरा भाग थांब्यापासून दूर आखावा. पावसाळ्यानंतर दोन्हींतील रोपे मोजावीत. विष्ठेस हात लावू नये, काडीने पाहावे व नंतर साबणाने हात धुवावेत.

तिसरा उपक्रम. गावातील एखादे फळलेले उंबराचे झाड निवडून सकाळी अर्धा तास शांतपणे बसावे. किती जातींचे पक्षी आले, कोणी फळ गिळले, कोणी टोचून टाकले, कोण बी घेऊन उडून गेला, हे गटागटाने लिहावे. नाव माहीत नसेल तर पक्ष्याचे वर्णन लिहावे.

पनवेलच्या आसपास गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदल झाले आहेत. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली, रस्ते रुंदावले, टेकड्या सपाट झाल्या. आज वर्गात बसलेल्या मुलांपैकी काही उद्या या बांधकामांवर काम करतील, काही त्यांचे नकाशे काढतील, काही गावच्या सभेत बसून देवराईचे काय करावयाचे ते ठरवतील. त्या वेळी रान म्हणजे नुसती झाडे नव्हेत, झाडे ठेवून पक्षी घालविले तर काही वर्षांनी झाडेही जातात, एवढे जरी त्यांच्या ध्यानी राहिले तरी पाठाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे. मुलांच्या खिशातील बेचकी हिसकावून घेण्याने ते साधत नाही. त्याने नेम धरलेल्या बुलबुलाने मागच्या बांधावरची करवंदाची जाळी पेरली आहे, हे त्यालाच शोधून काढू द्यावे.

जांभळाचे तक्ते, थांब्याखालच्या रोपांची मोजणी आणि उंबराखालच्या नोंदी शिक्षकांनी जपून ठेवाव्यात व पावसाळ्यानंतरच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणाव्यात. निरनिराळ्या शाळांचे आकडे एकत्र ठेवले म्हणजे समुद्राकाठच्या, खाडीकाठच्या व डोंगरपायथ्याच्या गावांत बी पेरणारे पक्षी सारखे आहेत की वेगळे, हे पाहता येईल. मुलांनी बोलीत लिहिलेली पक्ष्यांची नावे नोंदवहीत तशीच ठेवावीत.